चोरिसाची माळ, सोऱ्याची पुडी आणि चुलीचा धूर

प्रश्न पुण्यातल्या एका गृहस्थांचा आहे. त्यांची सासुरवाडी म्हापशाची. सासूबाई दर मे महिन्यात चोरिसाची, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजची, एक माळ बसने पाठवतात. यंदा त्यांच्या वाचनात आलं की असल्या खारवलेल्या, धुरावलेल्या मांसात सोरा असतो, त्याने कर्करोग होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने या मांसाला तंबाखूच्या पंगतीत बसवलंय. घरात मुलगी सहा वर्षांची. बायकोचं म्हणणं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच खातात. तेव्हा त्यांनी विचारलंय: सोरा न घालता घरीच करावं का, चुलीवरचा धूर चांगला की वाईट, आणि मुलीला द्यायचं की नाही?

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत 22 वर्षं काढली, त्यातली निम्मी मांस-मासळीच्या नमुन्यांसमोर. जन्म सावंतवाडीचा, त्यामुळे चोरीस मला आधी नाकाने कळलं, रसायन बऱ्याच उशिरा. तुमचं वाचलेलं आणि तुमच्या बायकोचं म्हणणं, दोन्ही अर्धं-अर्धं खरं आहे. मात्र तुम्ही घाबरलाय ते चुकीच्या गोष्टीला.

आधी ती तंबाखूची पंगत. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्याच आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, आणि तंबाखूही त्याच गटात आहे, हे खरं. पण हे गट पुरावा किती पक्का आहे त्यावरून पाडतात. एखादी गोष्ट किती जहरी आहे ते त्यातून कळत नाही. उन्हाची किरणंही पहिल्याच गटात आहेत. संस्थेने दिलेला आकडा असा: रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता 18 टक्क्यांनी वाढते. शंभर खाणाऱ्यांत अठरांना होतो असा याचा अर्थ लोक लावतात, तो चूक. समजा एखाद्या समाजात शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा रोग होत असेल, तर रोज 50 ग्रॅम खाणाऱ्यांत ते पाचाचे सहाच्या जवळ जातात.

आता तुमची माळ. एक किलोची धरू. खाणारी माणसं तीन, दिवस 365. माणशी दिवसाला एक ग्रॅमसुद्धा पडत नाही. कुठे 50 आणि कुठे एक. रोज सकाळी सँडविचमध्ये सलामी किंवा हॅमचे दोन काप घालणारा माणूस आणि पावसाळ्यात चार रविवारी चोरीस-पाव खाणारं घर यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. रोजचं खाणं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं, आणि बरंच कडक असतं.

हे झालं मापाचं. पण नीट केलेलं चोरीस आणि कसंतरी केलेलं चोरीस यांत रसायनाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून पुढचं सांगते.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. फटाक्याच्या दारूत जातो तोच. मांसात घातल्यावर तो लगेच काही करत नाही. मांसावरचे आणि मिठात टिकणारे काही जिवाणू त्याचं हळूहळू नायट्राइट करतात आणि खरं काम नायट्राइट करतं. त्यापासून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, ते मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याला चिकटतं आणि रंग पक्का होतो. म्हणून मुरवलेलं मांस शिजल्यावरही गुलाबी राहतं. साधं मांस शिजलं की राखाडी पडतं. चोरिसात तिखटाचा रंग इतका असतो की रंगासाठी सोऱ्याची फारशी गरज नाही. बाजारात तो घालतात तो बऱ्याचदा सवयीने, नाहीतर कापल्यावर आतली फोड लालबुंद दिसावी म्हणून.

नायट्राइटचं दुसरं काम मात्र रंगापेक्षा मोठं आहे. बोट्युलिझम हा शब्दच ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज या लॅटिन शब्दावरून आला. जर्मनीतल्या वुर्टेमबर्गमध्ये युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर होता. त्याने 1820 आणि 1822 मध्ये सॉसेज खाऊन दगावलेल्या लोकांच्या नोंदी छापल्या, आणि त्या विषाची चव स्वतः घेऊनही पाहिली. पुढे 1895 मध्ये बेल्जियमच्या एलझेल गावात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं हॅम खाल्लं, त्यातले तीन दगावले. त्या हॅममधून व्हान एर्मेंगेम या संशोधकाने बोट्युलिझमचा जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला. हवा नसलेल्या जागेत, ओलसर मांसात तो वाढतो आणि त्याचं विष माणसाचा श्वास बंद पाडतं. नायट्राइट त्याला रोखतं. म्हणजे सोरा काढून टाकला की धोका गेला असं होत नाही. एक धोका गेला आणि दुसऱ्याचं दार किलकिलं झालं.

मग सोऱ्याचा दोष काय? नायट्राइट आणि मांसातली अमाइनं, म्हणजे नायट्रोजन असलेली काही संयुगं, यांचा आम्ल किंवा उष्णतेच्या संगतीने संयोग झाला की नायट्रोसअमाइनं तयार होतात. 1956 मध्ये मॅगी आणि बार्न्स या इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी दाखवलं की त्यातल्या एकामुळे, डायमिथिलनायट्रोसअमाइनमुळे, उंदरांच्या यकृतात गाठी होतात. त्यानंतर नॉर्वेत गुरांची यकृतं बिघडायला लागली. शोध घेतला तेव्हा खाद्य निघालं नायट्राइट घालून टिकवलेल्या हेरिंग माशांच्या भुकटीचं, आणि तिच्यात हेच रसायन सापडलं. तिथून सगळ्या जगाने मांसातल्या नायट्राइटला लगाम घालायला सुरुवात केली. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मानकात बहुतेक मुरवलेल्या मांसात शिल्लक नायट्राइटची कमाल मर्यादा किलोमागे 80 मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघाने 2023 मध्ये आपल्या मर्यादा आणखी खाली आणल्या.

म्हणजे सगळा खेळ मापाचा आहे. आणि आपल्याकडे माप कसं असतं ते एक प्रसंगच सांगते.

बारदेशात एका घरगुती उत्पादकाकडे नमुना घ्यायला गेले होते. बाई हाताने स्वच्छ, परसात काम टापटीप, आतडी मीठ-लिंबू लावून धुतलेली, फोडी एकसारख्या. सोरा कुठला म्हणून विचारलं तर त्यांनी फळीवरून एक पिशवी काढली. पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेलं: 13-00-45. मी दोनदा वाचलं. हे खत आहे. पोटॅशियम नायट्रेटच, पण कोकणात आंब्याची कैरी गळू नये म्हणून आणि नाशकात द्राक्षबागेला जे फवारतात, ते. कृषी सेवा केंद्रात मिळतं, स्वस्त पडतं. खाण्याच्या प्रतीच्या मालात शिसं, आर्सेनिक किती असावं याला बंधन असतं. खताच्या पिशवीकडून ती अपेक्षाच नाही, ती झाडासाठी केलेली आहे. बरं, घालता किती? ‘पाच किलोला एक चमचा, आईच्या वेळेपासून.’ मी चमचा माझ्या काट्यावर ठेवला. सपाट चमचा साडेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोमागे 1100 मिलिग्रॅम. युरोपात अशा कच्च्या मुरवलेल्या मांसाला नायट्रेटची ढोबळ मर्यादा किलोमागे 150 धरली जायची, त्याच्या सात पटींनी जास्त. आणि चमचा शिगोशीग भरला तर विचारायलाच नको.

त्या बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पूर्वी सोरा खडा-खडा मिळे, ओलसर, अशुद्ध. चमचाभर खड्यात शुद्ध माल किती हे कुणालाच ठाऊक नसे आणि तो अंदाज पिढ्यांनी चाखून बसवलेला. आजची भुकटी बारीक आणि शुद्ध. चमचा तोच राहिला, आतला माल बदलला.

नमुना प्रयोगशाळेत आला की आम्ही मांस गरम पाण्यात घोटतो, गाळतो आणि निवळीत दोन द्रावणं घालतो. नायट्राइट नसेल तर निवळी पाण्यासारखी राहते. असेल तर दहा-पंधरा मिनिटांत कोकमाच्या सरबताचा रंग चढतो, जितकं जास्त तितका गडद. गंमत अशी की त्याच घाण्यातल्या दोन मण्यांत, म्हणजे माळेतल्या दोन सॉसेजांत, दोन रंग निघतात. एका मण्यात सोरा नीट मिसळलेला, दुसऱ्यात गठळी. हाताने कालवलेल्या दहा किलोंत चिमूटभर भुकटी सारखी पसरणं अवघडच. म्हणून ती आधी सगळ्या मिठात मिसळून घ्यायची, मग ते मीठ मांसाला लावायचं.

मिठात मिसळा, मसाल्यात नको. हा मुद्दा खुद्द धंद्यातल्या लोकांनाही ठाऊक नसतो. मिरीत आणि तिखटात अशी अमाइनं असतात की नायट्राइट त्यांच्याबरोबर कोरडं मिसळून डब्यात ठेवलं तर मांसाला लागायच्या आधीच नायट्रोसअमाइनं बनायला लागतात. 1970च्या दशकात अमेरिकेत तयार मसाला-मिश्रणांत हे आढळलं आणि तेव्हापासून दोन्ही वेगळ्या पुड्यांत विकायचा नियम झाला. आपल्याकडे ‘सॉसेज मसाला, सगळं एकत्र’ म्हणून सुट्या पिशव्या मिळतात, त्यापासून लांब राहा.

आता एक चांगली बातमी, आणि ती सासूबाईंच्या पातेल्यातून येते. नायट्रोसअमाइनांचा मोठा वाटा मांस मुरवताना तयार होत नाही, तळताना होतो. बेकन तव्यावर कडकडीत, कुरकुरीत तळलं की चरबीचं तापमान 170 अंशांच्या पुढे जातं आणि नायट्रोसोपायरोलिडिन हे नायट्रोसअमाइन तयार होतं. चोरीस गोव्यात असं तळत नाहीत. दोरा सोडून मणी पातेल्यात टाकतात, अर्धी वाटी पाणी, भरपूर कांदा, बटाट्याच्या फोडी आणि झाकण. पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही. शेवटी चरबी सुटून लाल तवंग येतो तिथे आच बंद करायची. ज्या घरात चोरीस ‘क्रिस्पी’ करायची फॅशन शिरलीय, पिझ्झ्यावर, एअर फ्रायरमध्ये, तिथे हा फायदा जातो. व्हिनेगर आणि लसूण आयतेच आहेत. लसणातली गंधकाची संयुगं आणि लवंगेतली फिनॉलं नायट्रोसअमाइनं बनायला आडकाठी करतात. कारखान्यात त्यासाठी क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बेट, घालतात.

पालकात, बिटातही नायट्रेट असतं, माणसाच्या पोटात जाणारं बरंचसं नायट्रेट भाजीतूनच येतं, मग मांसालाच दोष का, असा प्रश्न हमखास येतो. भाजीबरोबर क जीवनसत्त्व आणि फिनॉलं येतात. लाल मांसाबरोबर हीम लोह, म्हणजे लाल रंगद्रव्यातलं लोह, येतं, आणि ते आतड्यात हीच घातक संयुगं बनायला मदत करतं. मूळ रसायन एकच, सोबत वेगळी. एवढ्यासाठीच ‘नायट्राइट घातलेलं नाही, सेलरीचा अर्क वापरलाय’ असं लिहिलेल्या महागड्या पाकिटांना मी भाव देत नाही. सेलरीच्या अर्कात नायट्रेटच असतं.

आता धूर. माझ्या मते घरगुती चोरिसात सोऱ्यापेक्षा धूर जास्त बेभरवशाचा.

गोव्याचं चोरीस आलं पोर्तुगीजांच्या शोरिसूवरून. तिकडे वाइन आणि पापरिका, इकडे माडीचं व्हिनेगर आणि लाल मिरची. तिकडचं धुरावर वाळतं, इकडचं मुख्यतः मार्च ते मे महिन्याच्या उन्हात, पुरुमेंताच्या म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांत. जून लागला की माळा चुलीवरच्या बांबूला टांगतात, सादळू नयेत म्हणून. चुलीत करवंट्या, सोडणं, चुडतं, ओली-सुकी लाकडं, जे मिळेल ते.

लाकूड अर्धवट जळालं की पीएएच नावाच्या संयुगांचं एक अख्खं कुटुंब तयार होतं. 1775 मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. त्यातला मुख्य आरोपी बेंझोपायरीन 1933 मध्ये डांबरातून वेगळा काढला गेला, आणि तोही आज पहिल्या गटात आहे. लाकडाचा जाळ 400 अंशांच्या वर जाईल तसं हे वाढत जातं. मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकली तर आणखीच. म्हणजे धगधगत्या चुलीच्या अगदी डोक्यावर, हातभर अंतरावर टांगलेली माळ सगळ्यात वाईट. तीच माळ पाच-सहा फूट वर, बाजूला, मंद धुपणाऱ्या लाकडाच्या थंड धुरात असेल तर बरीच बरी.

युरोपीय संघात 2014 च्या सप्टेंबरपासून धुरावलेल्या मांसात बेंझोपायरीन किलोमागे 2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. त्याच वर्षी पोर्तुगाल, स्पेन, पोलंड अशा काही देशांनी सांगितलं की आमच्या गावागावातल्या पारंपरिक धुराड्यांना हे जमणार नाही. त्यांना स्थानिक बाजारापुरती 5 मायक्रोग्रॅमची जुनी मर्यादा ठेवायची सूट मिळाली. म्हणजे चोरिसाच्या माहेरीही हा पेच सुटलेला नाही. मला तर ही सूट प्रामाणिक वाटते. धूर सोडायचा नाही पण मोजत राहायचं, असा तो सौदा आहे. आपल्याकडे सोडत नाहीत आणि मोजतही नाहीत.

तुमच्या उपयोगाची गोष्ट अशी की पीएएच धुराच्या काजळीबरोबर येतं आणि बहुतांशी बाहेरच बसतं. एका धुरावलेल्या माळेचे मणी मी सोलून आतड्याची साल आणि आतलं मांस वेगवेगळं तपासलं होतं. साल हातात धरली तर बोटांना काळपट चिकट डाग पडत होते, आतली फोड नुसती लाल. आकडाही तसाच आला, सालीचा आतल्यापेक्षा कितीतरी वर. आतडं नैसर्गिक असल्याने थोडं आत झिरपतंच, पण साल काढून टाकली की मोठा भाग निघून जातो. तेव्हा माळ काळी पडलेली दिसली तर मणी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, सोला, आणि ते पाणी व साल दोन्ही फेकून द्या. चवीत फरक पडतो, नाही म्हणत नाही.

चुलीत काय जळतंय तेही बघा. एकदा एका अंगणात बघते तर माळेखाली जुन्या कपाटाची फळी जळत होती, रंग फुगून फुटत होता, वास येत होता सुतारकामाच्या दुकानाचा. प्लायवूडमधला डिंक, जुन्या तेलरंगातलं शिसं, चूल पेटवायला घातलेली प्लास्टिकची पिशवी, यातलं काहीही मांसावर बसलेलं मला चालणार नाही. करवंटी चालते, आंबा-फणसाचं लाकूड चालतं. राळ असलेलं लाकूड नको.

बाकीच्या गोष्टी पटापट.

तिखट. चोरिसात तिखट इतकं असतं की मिरची खराब तर चोरीस खराब. ओलसर राहिलेल्या मिरचीत बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन होतं आणि ते शिजवून जात नाही. रंगाची भेसळ वेगळी. 2003 मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-1 हा कापडाला-मेणाला वापरायचा रंग सापडला. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये त्यापायी शेकडो तयार पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. तिखट पाण्यावर भुरभुरून रंगाच्या रेघा उतरतात का बघायची घरगुती चाचणी सगळ्यांना माहीत असते. ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगांनाच पकडते. सुदान तेलात विरघळतो, पाण्यात तो मुकाट बसून राहतो. अख्खी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची घेऊन दळून आणणं हा एकच खात्रीचा उपाय मला ठाऊक आहे.

भांडं. मीठ आणि व्हिनेगर लावलेलं मांस दोन-तीन दिवस मुरत असतं, ते भांड्याला खातं. कल्हई गेलेलं पितळ, अ‍ॅल्युमिनियमचं टोप, तडा गेलेली किंवा झिलईत शिसं असण्याची शक्यता असलेली स्वस्त रंगीत बरणी, आणि हल्ली सर्रास दिसते ती ऑइलपेंटची रिकामी बादली, यातलं काही नको. स्टीलचं पातेलं किंवा काचेची बरणी घ्या. व्हिनेगरही माडीचं असेल तर उत्तम. पाण्यात अ‍ॅसिड टाकून बनवलेलं सुटं ‘व्हिनेगर’ कुठल्या प्रतीच्या अ‍ॅसिडचं आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

माशा. चीनमधल्या जिन्हुआचं हॅम जगप्रसिद्ध. 2003 मध्ये उघड झालं की काही उत्पादक उन्हाळ्यात, अवेळी, हॅम बनवत होते आणि माशा बसू नयेत म्हणून ते डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकात बुडवत होते. थंडीत करायचा माल उन्हाळ्यात करायला गेल्याचं ते फळ. आपल्याकडे सुक्या मासळीच्या बाजारात एखाद्या ढिगावर एकही माशी नसेल तर मी तिथून पुढे जाते.

बुरशी आणि जुनेपणा. पावसाळ्यात मण्यांवर पांढरं दिसलं तर आधी बोटाने घासून बघा. खसखशीत लागलं तर मीठ वर आलंय. केसाळ, हिरवं किंवा काळं असेल तर पुसून वापरू नका, तो मणी आणि त्याचे शेजारी फेका. अशा बुरशीतल्या काही जाती ऑक्राटॉक्सिन करतात, ते मूत्रपिंडाला बाधतं. इटलीने डुकराच्या मांसाच्या पदार्थांत त्याची मर्यादा किलोमागे एक मायक्रोग्रॅम ठेवली होती, यावरून ते किती थोडं पुरतं ते समजा. जुनं, नीट न मुरलेलं मांस टायरामिन आणि हिस्टामिनही बाळगून असतं. ज्यांना चोरीस खाल्लं की डोकं ठणकतं त्यांना बऱ्याचदा डुकराची अ‍ॅलर्जी नसते, हेच असतं. घरात कुणी क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेत असेल, किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक, किंवा नैराश्यावरची एमएओ गटातली औषधं, तर त्यांनी औषध चालू आहे तोवर चोरिसाला हात लावू नये. यात मात्र थोडं चालेल असं मी म्हणणार नाही, रक्तदाब एकदम चढू शकतो.

आता सोरा न घालता घरी करण्याबद्दल. करता येतं. गोव्यात कित्येक घरांत घालतच नाहीत. इटलीच्या पार्मा हॅममध्ये 1993 पासून नायट्रेट बंद आहे, नुसतं मीठ, आणि तरी ते गुलाबी असतं. तो रंग लोहाच्या जागी जस्त बसल्याने येतो. पण ते हॅम म्हणजे अख्खी मांडी, थंड हवा आणि वर्षभराचा संयम. तुम्ही बारीक फोडी आतड्यात कोंबून पुण्यात मे महिन्यात वाळवणार, तेव्हा तुमची मदार तीन गोष्टींवर राहील: मीठ, व्हिनेगर आणि वाळवण. आम्लता पीएच 4.6 च्या खाली गेली की बोट्युलिझमचा जिवाणू वाढत नाही. पण व्हिनेगर फोडीच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून फोडी लहान हव्यात. मीठ लावून वजनाखाली दाबून पाणी काढायचा जो दिवस असतो तो वाचवायचा नाही. मुरवण शक्यतो फ्रिजमध्ये.

सोरा घालायचाच असेल तर खाण्याच्या प्रतीचा घ्या आणि सोनाराकडे असतो तसा ग्रॅमच्या दशांशात मोजणारा काटा घ्या. आता हजाराच्या आत मिळतो. दहा किलो मांसाला दीड ग्रॅम, ही किलोमागे 150 मिलिग्रॅमची मात्रा. दीड ग्रॅम किती दिसतं ते एकदा वाटीत टाकून बघा, तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल. शुद्ध सोडियम नायट्राइट मात्र घरात आणूच नका. ते दिसायला मिठासारखं असतं. 1944 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका खानावळीत मिठाच्या जागी ते वापरलं गेलं आणि अकरा माणसं निळी पडून इस्पितळात गेली, एक दगावला. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं थांबवतं, म्हणून रंग निळा. याचसाठी कारखान्यांना ते मिठात 6.25 टक्के मिसळून, मुद्दाम गुलाबी रंगवून विकतात. त्या गुलाबी मिठाचे अडीच ग्रॅम एका किलोला पुरतात.

आणि बसने येणारी माळ. सासूबाईंनी कुणाच्या सांगण्यावरून ती व्हॅक्यूम पॅक करायला सुरुवात केली असेल तर त्यांना थांबवा. हवा काढली की माळ टिकते असं वाटतं, पण बोट्युलिझमच्या जिवाणूला हवा नसलेलीच जागा हवी असते. नीट न वाळलेले, सोरा नसलेले मणी बंद पाकिटात बारा तास उकाड्यात म्हणजे त्याला आमंत्रण. कागदात, कापडी पिशवीत, मोकळी येऊ दे आणि घरी आली की फ्रिजमध्ये. व्हॅक्यूम करायचंच तर नंतर, फ्रीझरसाठी. दुकानातलं पाकीट घेत असाल तर परवाना क्रमांक बघा आणि घटकांत आयएनएस 249 ते 252 हे मिश्रकांचे क्रमांक शोधा. पहिले दोन नायट्राइट, पुढचे दोन नायट्रेट. आकडा लिहिलेला असणं मला न लिहिलेल्यापेक्षा बरं वाटतं.

मुलीचं राहिलं. सहा वर्षांची म्हणजे वजन वीस किलोच्या आसपास धरते. नायट्राइटचं रोजचं सुरक्षित प्रमाण वजनाच्या किलोमागे 0.07 मिलिग्रॅम, म्हणजे तिला 1.4 मिलिग्रॅम. माळेत नायट्राइट अगदी 80 च्या कमाल मर्यादेवर आहे असं धरलं तरी साडेसतरा ग्रॅमला ते प्रमाण भरतं. साधारण एक मणी. आणि हे प्रमाण जन्मभर रोज खाण्याच्या हिशेबाने काढलेलं असतं, महिन्यातून एका रविवारच्या नव्हे. तेव्हा एक मणी, साल काढून, नीट शिजवून, तिला बिनदिक्कत द्या. रोजच्या डब्यातला सॉसेजचा रोल मात्र बंद करा, तो असेल तर. बटाटे थोडे जास्त घाला. लाल रस्सा लागलेला बटाटा आणि पाव एवढ्यावरच या वयाची मुलं खूश असतात, मणी बहुधा तुमच्याच ताटात परत येईल.